एआयची हवा वेगळी, एआयचं तंत्र वेगळं

27 जानेवारी 2025, सोमवार. अमेरिकेचा शेअर बाजार बंद झाला तेव्हा एनव्हिडिया या एआयला लागणाऱ्या चिप बनवणाऱ्या कंपनीचं बाजारमूल्य एका दिवसात जवळपास 590 अब्ज डॉलरनी उतरलं होतं. तिथल्या बाजारात कुठल्याही कंपनीने एका दिवसात इतकं आधी कधी गमावलं नव्हतं. एआय चालत नाही असं कोणी दाखवून दिलं होतं का? झालं होतं ते उलटंच. आठवडाभर आधी डीपसीक या चिनी कंपनीने आर1 नावाचं एआय मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. गणितात आणि कोड लिहिण्यात ते नावाजलेल्या मॉडेलांच्या तोडीचं होतं, आणि कंपनीचं म्हणणं खरं मानलं तर खर्च मात्र त्यांच्या मानाने किरकोळ. तंत्र पुढे सरकलं, स्वस्त झालं, आणि नेमकं त्यामुळेच बाजाराच्या पोटात गोळा आला. एवढ्या चिप लागणारच नसतील तर?

एआय हे चार दिवसांचं खूळ आहे की टिकणारं तंत्रज्ञान, या वादात मला हा सोमवार फार कामाचा वाटतो. वाद घालणारे दोघे बहुतेक वेळा एका गोष्टीबद्दल बोलतच नसतात. एकाच्या डोळ्यांसमोर असते हवा: कंपन्यांचे भाव, डेटा सेंटरवर एका वर्षात ओतले जाणारे शेकडो अब्ज डॉलर, सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार अशी भाकितं, टूथब्रशच्या खोक्यावरसुद्धा छापलेलं ‘एआय’. दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर असतं तंत्र, म्हणजे काल यंत्राला न जमणारं काम आज जमतंय का, आणि तेच उद्या आणखी स्वस्तात जमेल का. दोन्ही चढतात बहुधा एकदमच, त्यामुळे एकच वाटतात. उतरताना मात्र वाटा फुटतात.

एआयच्या बाबतीत असं पूर्वीही झालंय. 7 जानेवारी 1954 रोजी न्यूयॉर्कमध्ये आयबीएम आणि जॉर्जटाउन विद्यापीठाने एक प्रात्यक्षिक केलं. रशियनचा गंध नसलेली एक ऑपरेटर रशियन वाक्यं कार्डांवर पंच करत होती आणि आयबीएम 701 हे यंत्र त्यांचं इंग्रजी छापून देत होतं. अशी साठहून जास्त वाक्यं. बघणारे थक्क झाले. तीन ते पाच वर्षांत भाषांतराचा प्रश्न बऱ्यापैकी सुटेल, असं सांगण्यात आलं. यंत्रात होतं काय, तर 250 शब्दांचा कोश आणि व्याकरणाचे 6 नियम. तेवढ्यात भागेल अशीच वाक्यं निवडलेली. पुढे 1966 मध्ये एल्पॅक या अमेरिकी समितीने रोखठोक हिशेब मांडला: यंत्राचं भाषांतर माणसापेक्षा संथ, कमी अचूक, वर दुप्पट महाग. पैसा आटला.

त्या वर्षी कोणी यांत्रिक भाषांतराला खूळ म्हटलं असतं तर त्याच्याशी वाद घालणं जड गेलं असतं. हातातला पुरावा त्याच्याच बाजूने होता. पण एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत हवं असण्याची गरज कुठे गेली नव्हती. नियम मागे पडले, मग आकडेवारीवर चालणारी भाषांतरं आली, 2016 मध्ये गूगलने भाषांतरासाठी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं आकडेमोडीचं जाळं, वापरायला सुरुवात केली आणि आज फोन समोर धरला की पाटी वाचता येते. 1954 च्या यंत्रातलं आज जवळजवळ काहीच शिल्लक नाही. तंत्रज्ञान टिकतं म्हणजे आजची पद्धत टिकते असं नव्हे, आणि हे आजच्या चॅटबॉटलाही लागू आहे.

1980 च्या दशकात हीच गोष्ट पुन्हा घडली. एक्स्पर्ट सिस्टिमची चलती होती. तज्ज्ञांचं ज्ञान ‘असं असेल तर तसं करा’ अशा हजारो नियमांत बसवायचं. त्यासाठी लिस्प मशीन नावाचे खास, महागडे संगणक विकले जात. 1987 च्या सुमारास त्यांचा बाजार बसला, कारण साधे संगणक तेच काम करू लागले होते. त्यानंतर बरीच वर्षं संशोधकसुद्धा आपल्या कामाला एआय म्हणायला कचरत. पण 1986 मध्ये, म्हणजे सगळा पैसा नियमांमागे धावत असताना, रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांचा न्यूरल नेटवर्कला चुकांतून शिकवण्याच्या पद्धतीवरचा निबंध छापून आला होता. 1990 च्या दशकात तशाच जाळ्यांवर चालणारी यंत्रं बँकांमध्ये चेकवरचे हाताने लिहिलेले आकडे वाचत होती, कुठलाही गाजावाजा न करता. 2012 मध्ये चित्रं ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत ॲलेक्सनेट या न्यूरल नेटवर्कच्या चुका 15.3 टक्के होत्या, दुसऱ्या क्रमांकाच्या 26.2 टक्के. तिथून आजची लाट सुरू झाली. हवा एकाची होती आणि मूळ दुसरंच धरत होतं.

मग खरं खूळ कसं दिसतं? थ्रीडी टीव्ही आठवा. 2010 च्या आसपास प्रत्येक मोठ्या कंपनीने काढला आणि 2017 पर्यंत सगळ्यांनी गुंडाळला. तांत्रिकदृष्ट्या तो उत्तम चालत होता. नवलाई ओसरल्यावर चष्मा लावून बसायला कोणी तयार नव्हतं, एवढंच.

फुगा आणि तंत्र, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात हे मात्र लोकांना पटत नाही. ब्रिटनच्या संसदेने 1846 या एका वर्षात नव्या रेल्वेमार्गांसाठी अडीचशेहून जास्त कायदे मंजूर केले. मंजूर मार्गांपैकी साधारण एक तृतीयांश कधी बांधलेच गेले नाहीत आणि शेअर घेतलेली हजारो कुटुंबं धुपली. रूळ राहिले. इंटरनेट कंपन्यांच्या लाटेत नॅस्डॅक हा अमेरिकी शेअर निर्देशांक 10 मार्च 2000 रोजी शिखरावर होता; ऑक्टोबर 2002 पर्यंत तो सुमारे 78 टक्के घसरला आणि जुनी उंची त्याला 2015 मध्ये दिसली. इंटरनेट जग बदलणार असं म्हणून ज्याने शिखरावर पैसे लावले, त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि तरी मुद्दल परत दिसायला त्याला पंधरा वर्षं लागली. ‘एआय टिकणार’ आणि ‘एआयचे शेअर घ्या’ ही दोन वाक्यं एका श्वासात म्हणणाऱ्याला हे जरूर ऐकवावं.

रेल्वेशी तुलना करताना एक फरक सोयीस्कररीत्या विसरला जातो. रूळ दशकानुदशकं चालले, इंटरनेटच्या समुद्राखालच्या केबलीही. एआयच्या चिप काही वर्षांतच जुन्या पडतात. म्हणजे उद्या फुगा फुटलाच, तर स्वस्तात हाती येणाऱ्या वस्तूंपैकी बरीचशी लवकरच भंगारात निघेल. इमारती, वीजजोडण्या, खुली मॉडेलं आणि ती घडवायची विद्या मागे राहील. हे कमी नाही, पण रुळांइतकं भक्कमही नाही.

‘पण ते धडधडीत खोटं बोलतं’ हा आक्षेप रास्त आहे. भाषेची मॉडेलं पुढचा शब्द काय येईल याचा अंदाज बांधत लिहितात, त्यामुळे खरं आणि खोटं दोन्ही सारख्याच सफाईने उतरतं. यावरून ते खूळ ठरत नाही. कुठे टिकेल आणि कुठे नाही, हे मात्र बरंचसं यावरून ठरेल. माझ्या मते प्रश्न असा विचारावा: केलेलं काम तपासायला ते स्वतः करण्यापेक्षा खूप कमी कष्ट पडतात का? कोड चालवून बघता येतो. अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने वर्तवलेली प्रथिनांची रचना प्रयोगशाळेत पडताळता येते. त्या कामासाठी डेमिस हासाबिस आणि जॉन जंपर यांना 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. दुसरीकडे न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दाखल केले आणि 2023 मध्ये 5,000 डॉलरचा दंड ओढवून घेतला. त्यातल्या एकाने हे निकाल खरे आहेत ना, असं विचारलं होतं, तेही चॅटजीपीटीलाच! निकाल अस्तित्वात आहे का हे बघायला पाच मिनिटं लागतात. तो आपल्या खटल्याला लागू पडतो का हे बघायचं तर मुळातून वाचावा लागतो, आणि मग वाचलेला वेळ कुठे गेला?

आज हा हिशेब नीट दिसत नाही, कारण फुकट किंवा स्वस्तात मिळणाऱ्या सेवांचा बराच भार गुंतवणूकदार उचलतायत. हवा उतरली की चिप, वीज आणि तपासणाऱ्याचा वेळ, या सगळ्याचं बिल वापरणाऱ्याच्या नावावर येईल. कोड लिहिणं, भाषांतर, बोललेलं लिहून काढणं, या कामांचा ताळा मला तेव्हाही जमेल असं दिसतं. प्रत्येक ॲपच्या कोपऱ्यात चमचमणारं ते ‘मी मदत करू?’वालं बटण तेव्हा उरेल का, याची शंकाच आहे.