हाती घडवलेला साइडबोर्ड : मागणी नोंदवण्यापूर्वी ग्राहकांसाठी माहिती

साइडबोर्डची, म्हणजे भांडी-क्रोकरी ठेवण्याच्या बुटक्या लांबट कपाटाची, मागणी नोंदवताना बहुतेक ग्राहक प्रथम लांबी आणि रंग सांगतात. आम्ही मात्र आधी दोन गोष्टी विचारतो : त्यात काय ठेवायचे आहे, आणि उन्हाळ्यात खोलीतील कूलर कोणत्या खिडकीला बसतो. दुसरा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो. परंतु नागपुरात लाकडी वस्तू किती वर्षे नीट राहील हे बऱ्याच अंशी त्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

लाकूड कापून, वाळवून, पॉलिश केल्यावरही हवेतील ओलावा घेत आणि सोडत राहते. लांबीच्या दिशेने त्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. रुंदीच्या दिशेने मात्र ते फुगते आणि आकसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तर जुलै-ऑगस्टमध्ये त्याच घरात मिठाला पाणी सुटते. या दोन टोकांमध्ये सागवानातील ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडला, तर ४५० मिलिमीटर रुंदीचा माथा (वरची फळी) सुमारे ३ मिलिमीटरने कमी-जास्त होतो. अंतर किरकोळ वाटते, पण तोच माथा खालून स्क्रूने घट्ट आवळलेला असेल तर लाकडाला सरकायला जागा उरत नाही आणि एखाद्या उन्हाळ्यात तो मधोमध तडकतो. कूलरमुळे प्रकरण आणखी अवघड होते, कारण साइडबोर्डच्या एका टोकाला थेट ओलसर झोत लागतो आणि दुसरे टोक कोरडेच राहते. त्यामुळे जागा ठरवताना कूलरची समोरासमोरची रेषा टाळावी, असा आमचा आग्रह असतो.

माथा आम्ही लहान लाकडी गुटक्यांनी धरतो. प्रत्येक गुटका माथ्याला स्क्रूने बसवलेला असतो आणि त्याची जीभ चौकटीच्या आतील खाचेत सैल अडकते. माथा वर उचलला जात नाही, पण मागे-पुढे सरकू शकतो. दारांनाही हाच न्याय लागू होतो. दाराची चौकट कुसू आणि खाच यांच्या सांध्याने (एका लाकडाचे निमुळते टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून) जोडली जाते आणि आतली फळी खाचेत गोंद न लावता बसवली जाते. ती फळी बोटाने दाबल्यास किंचित हलते. तो दोष नव्हे.

सर्वाधिक विचार खणांचा करावा लागतो, आणि खरे कसब तिथेच दिसते. खणाच्या बाजूच्या फळ्यांत लाकडाच्या तंतूंची रेषा आडवी असल्यामुळे पावसाळ्यात त्यांची उंची वाढते. म्हणून उन्हाळ्यात तयार होणाऱ्या खणाच्या वर आम्ही सुमारे २ मिलिमीटर फट सोडतो, तर ऐन पावसाळ्यात तयार होणाऱ्या खणाला १ मिलिमीटरही पुरते. मे महिन्यात ताब्यात घेतलेल्या साइडबोर्डचे खण त्यामुळे थोडे सैल वाटतील. खणांच्या कोपऱ्यांचे डोव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे) सांधे पटाशीने हाताने कापले जातात. त्यांत खिळा नसतो. खणांच्या बाजूंसाठी आम्ही शिवण वापरतो, कारण ते हलके असते आणि हवामानाने फारसे हलत नाही. जड क्रोकरी ठेवायची असल्यास लाकडी पट्ट्यांऐवजी टेलिस्कोपिक चॅनेल (खण सहज सरकवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) घ्यावे, असे आम्ही स्वतःच सुचवतो. हातकामाच्या हट्टापायी रोज जड खण ओढत बसण्यात शहाणपण नाही.

बाकी लाकूड सागवान. ब्रिटिशकालीन मध्य प्रांताच्या (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे ‘सीपी’) काळापासून व्यापारात ‘सीपी टीक’ म्हणून ओळखला जाणारा हा माल आम्ही चंद्रपूर आणि गडचिरोली भागातील जंगलांचा घेतो. (२०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून गेले होते.) खरेदीची पावती आणि वाहतूक परवाना मागितल्यास दाखवला जाईल. वापर फक्त गाभ्याच्या लाकडाचा होतो. कडेच्या पांढरट लाकडाला वाळवी आणि कीड लवकर लागते, म्हणून ते दर्शनी भागातच काय, आतल्या पट्ट्यांतही आम्ही घेत नाही. पाठीमागे मात्र सागवानी विनीरचे (वर सागवानाचा पातळ पापुद्रा चिकटवलेले) ९ मिलिमीटर प्लायवूड असते, आणि ते आम्ही लपवत नाही. प्लायवूड फुगत-आकसत नाही आणि संपूर्ण सांगाडा काटकोनात धरून ठेवते. पाठीला अखंड लाकूड लावून किंमत वाढवण्यात ग्राहकाचा फायदा आम्हाला तरी दिसत नाही.

मापांविषयी थोडक्यात. उभ्याने जेवण वाढण्यासाठी ८५० ते ९०० मिलिमीटर उंची सोयीची पडते. साइडबोर्डची पुढून मागपर्यंतची खोली बाहेरून ४५० मिलिमीटर धरली, तर दार आणि पाठ वजा जाता आत सुमारे ४०० मिलिमीटर उरते. त्यात जेवणाचे मोठे ताट सहज मावते, पण सणावारी लागणारी परात मावेलच असे नाही. तेव्हा सर्वांत मोठी परात, सर्वांत उंच डबा आणि बरणी घरी मोजून त्यांची मापे घेऊन यावीत. भिंतीवरील स्विचबोर्ड आणि स्कर्टिंगची जागाही कळवावी. पाय १५० मिलिमीटर उंच ठेवल्यास खालून पोछा नीट फिरतो; त्या पाण्याचा त्रास होऊ नये म्हणून पायांचे तळ आम्ही आधीच सीलबंद करतो.

पॉलिशच्या बाबतीत माथ्यासाठी आम्ही मॅट पीयू (पॉलियुरेथेनचे बिनचकाकीचे पॉलिश) सुचवतो, कारण चपडीच्या (लाखेच्या) पॉलिशवर गरम भांडे टेकले की पांढरे वर्तुळ उमटते. उभ्या बाजूंना चपडी आणि मेण शोभून दिसते. खणांच्या आत तेल लावू नये. बंद जागेत त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही आणि तो कापडी रुमालांना लागतो.

नव्या सागवानाचा रंग सुरुवातीला ठिकठिकाणी वेगळा, कुठे हिरवटही दिसतो. उजेडात तो हळूहळू सोनेरी तपकिरी होत एकसारखा होतो. पहिले काही महिने माथ्यावर टेबलक्लॉथ अंथरू नये आणि शोभेच्या वस्तू अधूनमधून सरकवाव्यात, नाहीतर त्यांच्याखाली फिकट ठसे राहतात. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून साइडबोर्ड किमान दोन इंच पुढे असावा. पुसण्यासाठी कोरडे मऊ कापड पुरे. रॉकेल किंवा साबणाचे पाणी वापरू नये.

आराखडा मान्य झाल्यावर काम पूर्ण व्हायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात. आराखड्यावर सही होईपर्यंत मापांत हवा तो बदल करता येतो. लाकूड कापल्यानंतर मात्र लांबी-रुंदी बदलता येत नाही.

पहिल्या पावसाळ्यात एखादा खण घट्ट झाल्यास त्यावर घरी रंधा किंवा पॉलिशपेपर मारू नये, कारण तेवढीच फट उन्हाळ्यात दुप्पट दिसेल. खाचेला मेणबत्ती घासून दसऱ्यापर्यंत वाट पाहावी. तरीही तो न सुटल्यास आम्हाला कळवावे. पहिल्या वर्षात खण बसवून देण्याचे काम आम्ही घरी येऊन विनामूल्य करतो.