सिगारची बांधणी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सिगार ओढताना धूर येत नाही, तो एकाच बाजूने जळतो किंवा अर्ध्यावर विझतो, अशी तक्रार करणारे ग्राहक बहुधा तंबाखूला दोष देतात. आमच्या अनुभवात मात्र कारण बहुतेक वेळा बांधणीत सापडते.

हाताने वळलेल्या क्यूबन सिगारमध्ये आतले भरण, ते आवळून धरणारे पान आणि बाहेरचे वेष्टन असे तीन भाग असतात. भरणातील लिगेरो हे झाडाच्या शेंड्याकडचे, जाड आणि कडक चवीचे पान सावकाश जळते, म्हणून कारागीर ते मधोमध ठेवतो. ते कडेला सरकले, तर ती बाजू मागे राहून सिगार तिरका जळू लागतो. प्रत्येक पानाची सैलसर सुरळी करून त्या सुरळ्या शेजारी शेजारी रचल्या, तर धुराला या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट मिळते. पुस्तकासारखी घडी घातली की काम लवकर उरकते, पण घडीच्या बाजूला पान दाटते. सोलापूर-सिन्नरकडे विडी वळणाऱ्या बायकांच्या बोटांना घट्ट-सैलचा जो अंदाज असतो, तोच येथेही लागतो. भरण जास्त झाले तर गाल आत ओढूनही धूर येत नाही आणि कमी पडले तर सिगार भराभर जळून धूर गरम, कडवट लागतो. लान्सेरोसारख्या बारीक सिगारमध्ये ही चूक अधिक जाणवते, कारण त्याचा व्यास इंचाच्या ३८/६४ इतकाच असतो, तर रोबुस्तो या जाड प्रकाराचा ५०/६४ असतो.

विकत घेण्यापूर्वी सिगार दोन बोटांत हलकेच दाबत टोकापर्यंत जावे. कोठे गाठ किंवा पोकळी लागल्यास दुसरा मागून घ्यावा. टोक कापल्यावर, पेटवण्यापूर्वी एक कोरडा झुरका घेऊन पाहावा.

मुंबईच्या पावसाळ्यात मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. आर्द्रता ८० टक्क्यांपुढे गेली की उघड्यावरचे पान फुगते आणि उत्तम वळलेला सिगारही घट्ट होतो. ६५ ते ७० टक्के आर्द्रतेच्या बंद पेटीत दोन-तीन आठवडे ठेवल्यास तो पुष्कळदा मोकळा होतो. बांधणी कितीही चांगली असली तरी तंबाखूचा अपाय तिने कमी होत नाही, हेही आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

एवढे करूनही न ओढला जाणारा सिगार, पेटवलेला असला तरी, आमच्याकडे आणावा; आम्ही तो आपल्यासमोर उभा चिरून पाहतो आणि दोष बांधणीतला निघाल्यास बदलून देतो.