चकचकीत सिलिकॉन काळं कसं होतं

पॉलिश केलेला सिलिकॉनचा वेफर, म्हणजे पातळ चकती, आरशासारखा चमकतो. दिसायला छान, पण सोलर सेलसाठी ही चमक म्हणजे निव्वळ नुकसान, कारण पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ३० ते ३५ टक्के प्रकाश आत न शिरताच परत जातो. ही गळती थांबवण्याचं पहिलं काम टेक्स्चरिंग, म्हणजे रसायनाने झिजवून पृष्ठभाग खडबडीत करणं, करतं. सेलच्या कार्यक्षमतेची चर्चा होते तेव्हा या पायरीकडे फारसं कुणी बघत नाही. वास्तविक इथे राहिलेली खोट पुढच्या कुठल्याच पायरीत भरून निघत नाही.

कृती वाचायला सोपी आहे. पाण्यात वजनाने २ ते ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तापमान ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, वेळ २० ते ३० मिनिटं. वेफर मोनोक्रिस्टलाइन (एकाच सलग स्फटिकाचा) आणि १०० दिशेने कापलेला हवा. १०० आणि १११ ही स्फटिकातल्या अणूंच्या वेगवेगळ्या पातळ्यांची नावं. या दिशेच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक अणू खालच्या थराला दोनच बंधांनी धरलेला असतो, तर १११ पातळीवरचा तीन बंधांनी. म्हणून १०० पातळी भराभर झिजते, १११ पातळी जवळजवळ तशीच उभी राहते आणि शेवटी पृष्ठभागभर काही मायक्रॉन उंचीचे चौकोनी पायाचे पिरॅमिड उरतात. त्यांच्या बाजूंचा कोन ५४.७ अंश असतो. सरळ वरून आलेला किरण अशा उतारावरून परतला, तरी तो वर जात नाही. आडव्या रेषेच्या १९ अंश खाली वळून शेजारच्या पिरॅमिडवर आदळतो. दोनदा आदळल्यावर ३५ टक्क्यांचे १२ टक्के होतात.

प्रत्येक सिलिकॉन अणूमागे हायड्रोजनचे दोन रेणू सुटतात. १८२ मिलिमीटरच्या वेफरच्या दोन्ही बाजूंनी ५ मायक्रॉन काढले, तर पाऊण ग्रॅम सिलिकॉन जातं आणि सव्वा लिटरहून जास्त हायड्रोजन निघतो. एका बॅचमध्ये शंभर वेफर असतील तर किती, याचा हिशेब करा. बाथवरचा (द्रावणाच्या टाकीवरचा) एक्झॉस्ट बंद ठेवून काम करणं म्हणजे आगीला आमंत्रण. याच हिशेबाचा दुसरा उपयोग असा की, वेफर आधी आणि नंतर काट्यावर ठेवला की किती झीज झाली ते लगेच कळतं.

बिघडतं ते बहुतेक बुडबुड्यांपायी. हायड्रोजनचा बुडबुडा वेफरला चिकटून राहिला, की त्याच्या खाली द्रावण पोचत नाही आणि तिथे चकाकणारा ठिपका राहतो. अल्कोहोल बुडबुड्याची पकड सैल करतं, पण ते स्वतः ८२ अंशाला उकळतं, त्यामुळे सतत उडून जातं. अर्ध्या दिवसात डाग दिसू लागले, तर आधी अल्कोहोल घाला, मग बाकीचं तपासा. बोटांचे ठसे उमटलेल्या जागीही असाच डाग पडतो. जुन्या बाथमध्ये झिजलेल्या सिलिकॉनचं सिलिकेट साठून झीज मंदावते. तो बाथ टाकून नवा करावा लागतो. पिरॅमिड फार मोठे झाले, तर वीज गोळा करणाऱ्या चांदीच्या पेस्टच्या बारीक रेघा त्यांच्यावरून छापताना तुटतात.

मल्टिक्रिस्टलाइन वेफरला ही कृती चालत नाही. त्यातला प्रत्येक कण वेगळ्या दिशेने वळलेला, म्हणून तिथे आम्लांचं मिश्रण वापरतात.

टेक्स्चरनंतर हायड्रोक्लोरिक आम्लाने पोटॅशियम आणि धातूंचे अंश काढायचे, मग विरल हायड्रोफ्लोरिक आम्लाने ऑक्साइडचा थर. वेफर बाहेर काढताना पाणी सरसर ओघळून तो कोरडा निघाला, की ऑक्साइड गेला. पाण्याचा पापुद्रा धरून राहिला, तर परत बुडवा. हे आम्ल विरल असलं तरी त्वचेतून आत शिरतं आणि लगेच दुखतही नाही. म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडू नये.

उरलेल्या १२ टक्क्यांचं काम सिलिकॉन नायट्राइडचा थर करतो. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती पट मंदावतो ते माप) साधारण २, त्यामुळे ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशासाठी जाडी ७५ नॅनोमीटर लागते, म्हणजे ६०० भागिले २ आणि त्याचा चौथा भाग. जाडी बरोबर आली, तर सेल गडद निळा दिसतो. जांभळट छटा आली, तर थर पातळ. फिकट निळा, तर जाड.