वेबसाइटवर वाचनाचा हिशोब ठेवणं

काय वाचून झालं, सध्या काय चालू आहे आणि पुढे काय वाचायचंय हे एखाद्या वेबसाइटवर टिपून ठेवायची सवय. तसं हे वहीतही होतं आणि लोक करायचेच, चार्ल्स डार्विनने १८३८ ते १८६० अशा वह्या ठेवल्या होत्या, वाचायची पुस्तकं वेगळी आणि वाचून झालेली वेगळी, आणि गायक आर्ट गारफंकलने जून १९६८ पासून वाचलेल्या पुस्तकांची अख्खी यादी स्वतःच्या साइटवर टाकलीये. वेबसाइटमुळे शोधणं सोपं झालं, बेरीज आपोआप व्हायला लागली आणि आपली यादी चार लोकांना दिसायला लागली, जे चांगलंही आहे आणि डोक्याला तापही.

सुरुवातीच्या मोठ्या साइट्सपैकी लायब्ररीथिंग टिम स्पाल्डिंगने ऑगस्ट २००५ मध्ये काढली, ती मुळात स्वतःकडच्या पुस्तकांचा कॅटलॉग करायला, आणि बरीच वर्षं २०० पुस्तकांपर्यंतच फुकट होती, ती अट २०२० मध्ये गेली. गुडरीड्स जानेवारी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये ॲमेझॉनने घेतली. स्टोरीग्राफवर नादिया ओडुनायोने २०१९ मध्ये काम सुरू केलं. इंटरनेट आर्काइव्हच्या ओपन लायब्ररीवरही अशी नोंद ठेवता येते.

सगळीकडे गाडा साधारण तीन शेल्फांवर चालतो: वाचलेली, चालू असलेली, वाचायची. पुस्तक नावाने शोधायचं किंवा मागचा बारकोड मोबाइलने स्कॅन करायचा, त्यात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकं ओळखायचा आंतरराष्ट्रीय नंबर, असतो (२००७ पासून तो १३ आकडी झाला, त्याआधी १० आकडी होता). इथेच नवखे फसतात, कारण आयएसबीएन पुस्तकाचा नसतो, आवृत्तीचा असतो, म्हणजे हार्डकव्हर, पेपरबॅक, ईबुक सगळ्यांचे नंबर वेगळे आणि पानंही वेगळी, मग तुमच्या हातातलं पुस्तक २८० पानांवर संपतं आणि साइट म्हणते अजून ४० पानं बाकी. आवृत्ती बदलून घ्यायची किंवा सरळ टक्क्यात प्रोग्रेस टाकायची. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएनच नसतो, आणि कमी वाचल्या जाणाऱ्या भाषांतली पुस्तकं तर कित्येकदा सापडतच नाहीत, तिथे नोंद हातानेच करावी लागते.

नियोजनाचा भाग म्हणजे बहुतेकांसाठी वर्षाचं टार्गेट. गुडरीड्सवर हे चॅलेंज २०११ पासून आहे, आकडा टाका, वर्षभर साइट सांगत राहते की तुम्ही वेळेवर आहात की २ पुस्तकं मागे आहात. गोची अशी की मोजलं जातं पुस्तक, पान नाही, त्यामुळे १२० पानांचं आणि ९०० पानांचं दोन्ही एकच, आणि डिसेंबरात लोक बारीक बारीक पुस्तकं शोधत फिरतात. पानांचं टार्गेट त्यापेक्षा प्रामाणिक असतं, स्टोरीग्राफवर ते लावता येतं: रोज २० पानं म्हटलं तर ३०० पानांचं पुस्तक १५ दिवसांत संपतं, म्हणजे महिन्याला दोन, एवढा साधा हिशोब.

पण खरा घोळ ‘वाचायचंय’ शेल्फवर होतो. एका क्लिकचं काम असल्याने कोणी काही सुचवलं की टाक तिथे, वर्षभरात ती यादी ३०० वर जाते आणि मग ती यादी राहत नाही, अडगळीची खोली होते. उपाय म्हणजे वेगळं छोटं शेल्फ बनवायचं, पुढची ५ फक्त, आणि पुस्तक का टाकलं, कोणी सुचवलं ते नोटमध्ये एका ओळीत लिहायचं, नाहीतर सहा महिन्यांनी नाव बघून काही म्हणजे काही आठवत नाही.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांसाठी स्टोरीग्राफवर वेगळा पर्याय आहे, तिथे पाव पाव स्टारही देता येतात. गुडरीड्सवर लोक अर्धवट पुस्तकांसाठी स्वतःचं शेल्फ बनवत आले. अनोळखी लोकांनी आपलं वाचन बघू नये असं वाटत असेल तर प्रोफाइल प्रायव्हेट करायची सोय सेटिंगमध्ये असते, ती आधीच बघून ठेवावी.

साइट बंदही पडते, शेल्फारी २००६ मध्ये आली, २००८ मध्ये ॲमेझॉनकडे गेली आणि २०१६ मध्ये गुडरीड्समध्ये विलीन झाली. म्हणून अधूनमधून आपल्या यादीची सीएसव्ही फाइल (साध्या तक्त्याची फाइल) उतरवून ठेवावी, ती एक्सेलमध्ये उघडते आणि दुसऱ्या साइटवर चढवताही येते. फक्त वाचून संपल्याची तारीख टाकलेली नसेल तर पुस्तक नव्या साइटवर येतं खरं, पण कुठल्याच वर्षाच्या आकड्यात धरलं जात नाही.