नक्षी शाबूत, रबर संपलेलं: जुन्या बुलेटसाठी टायर निवडताना

जुन्या मोटरसायकलचा टायर बहुतेक वेळा झिजून संपत नाही, वय होऊन संपतो. रोज चाळीस किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा मागचा टायर दोन-तीन वर्षांत गुळगुळीत होतो आणि मालकाला तो बदलावाच लागतो. पण कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट किंवा यामाहाची आरएक्स १०० आज बहुधा रविवारीच बाहेर निघते, वर्षाकाठी हजारभर किलोमीटर. दहा वर्षांनीही तिच्या टायरची नक्षी जवळपास नव्यासारखी दिसते आणि फसगत नेमकी इथेच होते. नक्षी खोल असली म्हणजे टायर चांगला, असं डोळ्यांना वाटतं. रस्त्याला मात्र नक्षीइतकंच, किंबहुना जास्त, रबर जाणवतं.

टायरची पकड दोन प्रकारे तयार होते. एक म्हणजे रबर रस्त्याला रेणूंच्या पातळीवर चिकटतं. दुसरं म्हणजे ते खडीच्या बारीक टोकांमध्ये रुततं, दबतं, पुन्हा उसळतं आणि या दबण्या-उसळण्यात ऊर्जा खर्च करून घसरण रोखतं. रस्ता ओला झाला की मधे पाण्याचा थर येतो आणि चिकटणं बरंचसं जातं. उरतं ते रुतणं, आणि त्यासाठी रबर मऊ असावं लागतं. म्हणूनच कडक झालेला टायर उन्हाळ्यात कसाबसा चालून जातो आणि पहिल्या पावसात, धूळ-तेलाचा चिखल झालेल्या वळणावर, घसरतो.

रबर कडक का होतं? टायर बनवताना कच्च्या रबरात गंधक मिसळून ते तापवतात. गंधकाचे अणू रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधतात आणि चिकट लगद्याला ताकद व लवचिकता येते. पण ही प्रक्रिया कारखान्यात पूर्ण थांबत नाही. उष्णता आणि ऑक्सिजन मिळत राहिला की वर्षानुवर्षं नवे बंध तयार होत राहतात, जाळं घट्ट होत जातं आणि रबराची उसळी कमी होते. विदर्भातल्या मे महिन्यात डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी उन्हात उभी राहणारी गाडी सावलीतल्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते.

दुसरा शत्रू ओझोन. शहराच्या हवेत दहा कोटी रेणूंमागे ओझोनचे तीन-चार रेणू असले तरी रबराला ते पुरतात. रबराच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात, ओझोन तेच तोडतो, आणि ताणलेल्या रबरावर आधी हल्ला करतो. हवा कमी असलेली गाडी सहा महिने एकाच जागी उभी राहिली की टायरची फुगलेली बाजू सतत ताणात राहते आणि तिथे केसाएवढ्या भेगा पडतात. हे टाळण्यासाठी कारखाने रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायन घालतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. टायरवर दिसणारी तपकिरी छटा हीच. ती घाण नसून संरक्षण आहे. चमक यावी म्हणून तेलकट पॉलिश चोळणं म्हणजे तो थर पुसून टाकणं. शिवाय पॉलिश नक्षीवर ओघळलं तर पकडही जाते.

तपासणी घरी होते. नक्षीच्या ठोकळ्यात अंगठ्याचं नख जोरात दाबा. चांगलं रबर दबतं आणि लगेच खूण पुसली जाते. कडक रबरात नख शिरतच नाही. मग हवा थोडी कमी करून बाजूची भिंत आणि खाचांचा तळ बॅटरीच्या उजेडात पाहा. वरवरच्या बारीक रेषा वयाच्या असतात, पण भेगेच्या आत धागा दिसला तर त्या टायरवर गाडी गल्लीच्या टोकापर्यंतही नेऊ नये. दुचाकीसाठी कायद्याने किमान नक्षी ०.८ मिलिमीटर लागते. ही मर्यादा जुन्या बुलेटच्या टायरला सहसा गाठायचीच वेळ येत नाही.

वय टायरवरच छापलेलं असतं. एका बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे दिसतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, साधारण जूनची सुरुवात. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, त्याची जागा भिंतीवरच्या फोटोतच. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासावं आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी टायर काढावा, असा बऱ्याच कंपन्यांचा सल्ला असतो. आपल्याकडच्या उन्हात, रविवारी निघणाऱ्या गाडीसाठी सहा-सात वर्षं हीच मर्यादा धरावी. घेतानाही तारीख पाहा. ३.२५-१९ सारखा आकार दुकानात रोज खपत नाही, त्यामुळे वरच्या फळीवर दोन-तीन वर्षं पडलेला माल 'एकदम नवा' म्हणून हातात येतो. सहा महिन्यांच्या आतला मागा, मिळत नसेल तर आठवडाभर थांबा. आयएसआयचा शिक्का हवाच. रिमोल्ड टायर दुचाकीला अजिबात नको. त्यावर नक्षी नवी चढवलेली असते, पण आतला सांगाडा आणि बाजूची भिंत जुनीच.

आता आकार. जुन्या बुलेट स्टँडर्ड ३५० ला पुढे-मागे दोन्हीकडे ३.२५-१९ येतो: टायरची रुंदी सव्वातीन इंच, रिमचा व्यास १९ इंच. या जुन्या पद्धतीत टायरची उंची रुंदीइतकीच धरतात. नव्या पद्धतीत ९०/९०-१९ म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर आणि उंची तिच्या ९० टक्के, ८१ मिलिमीटर. हिशेब करून पाहा. ३.२५ इंच म्हणजे ८२.५ मिलिमीटर, त्याची दुप्पट १६५, त्यात रिमचे ४८२.६ मिळवले की व्यास ६४७.६. ९०/९०-१९ चा व्यास ६४४.६. फरक अवघा ३ मिलिमीटर. म्हणून पुढच्या चाकाला ९०/९०-१९ चालतो आणि स्पीडोमीटरही फारसा चुकत नाही.

मागच्या चाकाला मात्र वजनाचा प्रश्न येतो. आकारापुढे ५४पी किंवा ५२पी असं लिहिलेलं असतं. आकडा भाराचा, अक्षर वेगाचं. ४८ म्हणजे १८० किलो, ५२ म्हणजे २००, ५४ म्हणजे २१२. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर, बुलेटला ते भरपूर झालं. गाडी साधारण १७० किलो, चालवणारा ७५, मागे बसणारी व्यक्ती ६५, सामान १०: एकूण ३२०. दोघं बसल्यावर यातला ६० ते ६५ टक्के भार मागच्या चाकावर येतो, म्हणजे १९२ ते २०८ किलो. ५४ चा टायर हे पेलतो, ५२ काठावर आहे आणि ४८ नाहीच. त्यात महाबळेश्वरचा घाट आणि कॅरिअरवर बॅग आली की काठावरचा टायर काठ ओलांडतो. भार जास्त झालेला टायर फुटण्याआधी तापतो: प्रत्येक फेरीत भिंत जास्त वाकते, आतले नायलॉनचे धागे आणि रबर यांच्यातली पकड सैल होते आणि टायरवर फोड येतो. म्हणून मागे ३.२५-१९, ६पीआर, ५४ हाच घ्यावा. पीआर म्हणजे धाग्यांच्या थरांची ताकद. ६ छापलं म्हणजे आत सहा थर मोजून मिळतील असं नाही, ताकद तेवढी असते.

जाड टायरचा मोह हा जुन्या गाड्यांचा सगळ्यात मोठा आजार आहे. जुन्या बुलेटच्या रिमवर डब्ल्यूएम २ असा शिक्का असतो, म्हणजे रिमची आतली रुंदी १.८५ इंच. ३.२५ आणि ९०/९० या रुंदीवर नीट बसतात. १०० मिलिमीटरच्या टायरला किमान २.१५ इंची रिम लागते. अरुंद रिमवर तो चढवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि टायरचा माथा गरजेपेक्षा जास्त गोल होतो. सरळ चालताना रस्त्याला टेकणारा पट्टा उलट लहान होतो, गाडी वळताना आधी जड लागते, मग एकदम पडल्यासारखी झुकते. पैसे जास्त, पकड कमी. टायर चेन कव्हरला किंवा स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, घासायची शक्यता वेगळीच. दोन्ही बाजूंना निदान बोट जाईल एवढी जागा हवी, कारण वेगात टायर थोडा फुगतो.

आरएक्स १०० मध्ये हे अधिक स्पष्ट दिसतं. तिला मागे २.७५-१८ असतो, व्यास सुमारे ५९७ मिलिमीटर. लोक तिथे १००/९०-१८ बसवतात, व्यास ६३७. चाक जवळपास सात टक्के मोठं झालं, म्हणजे इंजिनाकडच्या १४ दात्यांच्या स्प्रॉकेटला (चेन ओढणाऱ्या दातेरी चक्राला) एक दाता वाढवल्यासारखं. ९८ सीसीच्या, ११ हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोक इंजिनाची उचल हीच तर तिची ओळख, आणि ती अशी हाताने घालवली जाते.

पुढच्या टायरकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. तो कमी झिजतो, म्हणून मागचे दोन बदलले तरी पुढचा तोच राहतो. जोरात ब्रेक मारताना गाडीचा बहुतेक भार पुढे येतो, आणि नेमका तिथेच सगळ्यात जुना, सगळ्यात कडक टायर असतो. मागचा घसरला तर गाडी सावरता येते, पुढचा घसरला तर माणूस खाली. खर्च एकाच टायरचा झेपत असेल तर जो वयाने मोठा तो आधी बदला.

टायर नवा तर ट्यूबही नवी, शक्य असेल तर रिम टेपही, म्हणजे आऱ्यांच्या टोकांपासून ट्यूबला वाचवणारी रिमवरची पट्टी. जुनी ट्यूब ताणून वाढलेली असते, नव्या टायरमध्ये तिची घडी पडते आणि घडीवरच ती चिरते. या जुन्या गाड्यांच्या आऱ्यांच्या रिमला ट्यूबशिवाय पर्याय नाही, कारण प्रत्येक आऱ्याच्या निपलच्या (आरा रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाच्या) भोकातून हवा निघून जाते. दुकानदाराने ट्यूबलेस टायर दिला तरी या रिमवर आत ट्यूब हवीच. टायर निघाल्यावर रिमची आतली बाजू पाहायची संधी दवडू नका. गंज तारेच्या ब्रशने काढून रंग लावा, निपलच्या वर आलेलं आऱ्याचं टोक कानशीने घासा, चाक फिरवून डगमग पाहा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर आधी आऱ्या ओढून घ्या.

बसवणाऱ्याजवळ उभे राहा. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनेच हवा. नक्षीचा पट्टा जिथे तिरका सांधलेला असतो, तो सांधा चुकीच्या दिशेला उकलू शकतो. म्हणून काही टायरवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी दोन वेगळे बाण असतात: पुढच्याला मुख्य जोर ब्रेकचा, मागच्याला इंजिनाचा, आणि दोन्ही उलट दिशेने ओढतात. रंगाचा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर यावा, कारण ती टायरची हलकी बाजू. ट्यूबला टाल्क पावडर लावून, गोल होईल इतकीच हवा भरून आत सरकवावी. कडेला साबणाचं पाणी लावावं, ऑईल किंवा ग्रीस नाही. टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हजवळ करावा. समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली की शेवटची वीतभर कड लिव्हरवर लोंबकळल्याशिवाय आत जाते. ट्यूब चिमटली जाते ती बहुधा इथेच, घाईच्या शेवटच्या झटक्यात.

मग ४० पीएसआयपर्यंत हवा भरून ती पूर्ण सोडा आणि पुन्हा भरा, म्हणजे ट्यूबच्या सुरकुत्या निघतात. रिमलगत टायरवर एक बारीक गोल रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे, कुठे आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही. व्हॉल्व्हचा नट रिमवर कसू नका, वर टोपीकडे नेऊन ठेवा. हवा कमी असताना ब्रेक मारला की टायर रिमवर थोडा सरकतो आणि ट्यूबला सोबत नेतो. नट सैल असला तर व्हॉल्व्ह तिरका दिसतो आणि आपल्याला कळतं. कसलेला असला तर व्हॉल्व्ह मुळातून फाटतो.

हवा गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना. टायरच्या भिंतीवर छापलेला दाब हा कमाल भाराचा असतो, रोजचा नाही. नवा टायर साच्यातून निघालेला, त्यामुळे गुळगुळीत असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर हळू, कोरड्या रस्त्यावर, वळणात थोडं थोडं जास्त झुकत काढावेत. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने हवा पुन्हा मोजा. आठवड्याभरात पाच-सहा पीएसआय उतरली असेल तर आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहा. तिथे काही नसेल तर ट्यूब कुठेतरी चिमटलेली आहे आणि चाक पुन्हा खोलावं लागेल.