भुकेचा निरोप उलट्या वाटेने

पंगतीत कोण जेवले नाही, हे गावात लपून राहत नाही. मागच्या हिवाळ्यात आमच्या गावी सप्ताहाच्या समाप्तीला अकरावीत शिकणारी एक मुलगी सकाळपासून गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजत होती आणि वाढायलाही तीच पुढे होती. स्वतः जेवायला बसल्यावर मात्र तिने रोडग्याचा एक तुकडा बोटांनी पार भुगा होईपर्यंत कुस्करला आणि तो भुगा पत्रावळीच्या कडेकडेने सारत राहिली. तिची आजी शेजारणीला म्हणाली, "पोरीले जेवनच जात नाही वं, दोन घास खाल्ले की पोट भरलं मनते." अंगारा लावून झाला होता, जंताची गोळी देऊन झाली होती आणि पोटाच्या सोनोग्राफीतही काही निघाले नव्हते. तिला नेमके काय झाले आहे, हे ठरवण्याचा अधिकार विज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. परंतु पोट निर्दोष असताना जेवण न जाण्याची काही कारणे मेंदूत शोधावी लागतात, एवढे सांगता येते.

अशा आजारांपैकी एकाला १८७३ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले. नाव थोडे फसवे आहे, कारण त्याचा शब्दशः अर्थ भूक नसणे असा होतो आणि प्रत्यक्षात यातील अनेकांना भूक लागते. ती कृतीपर्यंत पोहोचत नाही. अधाशासारखे खाऊन नंतर ते उलटून टाकण्याच्या 'बुलिमिया' या आजाराचे वर्णन बरेच उशिरा, १९७९ मध्ये, जेराल्ड रसेल यांनी केले.

मेंदूचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे कवटी न उघडता कसे कळते? आपल्याकडे रात्रीच्या पाळीत ओलित करणाऱ्याला हे पटकन समजेल. दोन वेगवेगळ्या शेतांतले दिवे एकाच क्षणी मंद आणि एकाच क्षणी प्रखर होत असतील, तर तारा न पाहताही ती शेते एकाच डीपीवर, म्हणजे विजेच्या एकाच रोहित्रावर आहेत, असा अंदाज आपण बांधतो. एमआरआय यंत्रात स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाच्या मेंदूतील रक्तातला प्राणवायू असाच कमीजास्त होत असतो, आणि ज्या भागांतील चढउतार एका लयीत होतात ते एकमेकांशी संलग्न मानले जातात. ही लय १९९५ मध्ये भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिली. मात्र दोन शेते एका डीपीवर आहेत एवढ्याने कोणाच्या मोटरमुळे कोणाचा दिवा मंदावतो हे कळत नाही. त्यासाठी वेगळे गणित मांडावे लागते.

भुकेच्या बाबतीत हे दिशेचेच गणित महत्त्वाचे ठरले. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस शरीरातील साठ्याचा हिशेब ठेवतो, तर स्ट्रायटम हा भाग कशातून सुख मिळेल याचा अंदाज बांधतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ गिडो फ्रँक यांच्या गटाने तरुणींच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडून मेंदूतील हालचाल टिपली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आहारविकार असलेल्या १९७ आणि निरोगी १२० स्त्रिया होत्या. निरोगी स्त्रियांमध्ये निरोप हायपोथॅलॅमसकडून स्ट्रायटमकडे जाताना दिसला; आजारी स्त्रियांमध्ये त्याची दिशा उलटी होती. जणू कोठीत धान्य किती उरले हे कोठीने सांगायचे, तर वरचा कारभारीच कोठीला गप्प बसवत होता. चव आणि पोटातील संवेदना यांची दखल घेणाऱ्या इन्सुला या भागाच्या जोडण्यांतही फरक आढळले आहेत, त्यामुळे दोन घासांत पोट भरल्याची तक्रार खोटी ठरवण्याची घाई करू नये.

तरीही एक शंका उरते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: जोडणी बिघडल्यामुळे जेवण सुटले, की जेवण सुटल्यामुळे जोडणी बिघडली? १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट पुरुषांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे सुमारे पाव वजन घटले आणि मनात अन्नाखेरीज काही उरले नाही. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, ताटातल्या अन्नाशी चाळा करत एकेक जेवण लांबवू लागले. हे वाचल्यापासून पत्रावळीवरचा तो भुगा मला वेगळा दिसतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ॲनोरेक्सियाच्या ६८५ रुग्ण स्त्रियांच्या एकत्रित अभ्यासात मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी लक्षणीय कमी आढळली, पण ज्यांचे वजन काही प्रमाणात भरून आले होते त्यांच्यात ही घट बरीच कमी होती. म्हणजे दिसणाऱ्या फरकांपैकी मोठा वाटा उपासमारीचा असावा. आणि तरीही सगळाच दोष उपासमारीच्या माथी मारता येणार नाही, कारण या आजारात आनुवंशिकतेचाही हात असल्याचे सिद्ध झाले आहे.

हा बारीक होण्याच्या हव्यासातून येणारा शहरी आजार आहे, ही समजूतही अपुरी आहे. हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ मध्ये दाखवले, की त्यांच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना लठ्ठपणाची भीती नव्हतीच; पोट जड वाटते, जेवण जात नाही, असेच त्या सांगत. आमच्या गावच्या आजीचे वाक्य याहून निराळे नाही.

निदानासाठी मात्र नागपूरला जाऊन मेंदूचा एमआरआय काढण्यात अर्थ नाही, कारण हे फरक समूहांच्या सरासरीत दिसतात, एकट्या माणसाच्या चित्रात वाचता येत नाहीत. दर महिन्याचे वजन, नाडीचा वेग आणि पाळी या नोंदी आरोग्य उपकेंद्रातही ठेवता येतात, आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक मोफत आहे. उपचार सुरू झाल्यावर एक पथ्य डॉक्टर आवर्जून सांगतात. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिले, तर रक्तातील फॉस्फरस झपाट्याने घसरतो आणि हृदयावर बेतू शकते. म्हणून आहार मोजून, टप्प्याटप्प्याने वाढवतात, आणि आजीच्या तुपातल्या लाडवांना काही दिवस डब्यातच थांबावे लागते.