बाटली नंबर ५३-एन आणि आजचं इन्सुलिन

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत मधुमेहाची मंडळी बरीच असतात. चालता चालता साखरेचे आकडे एकमेकांना सांगायचे, कुणाचं इन्सुलिन किती युनिटवर गेलं त्याची चौकशी करायची, हा नेम. ते चालतात त्या जागेवर मुंबई इलाख्याच्या काळात देवीची लस तयार व्हायची. त्या काळची रीत अशी होती: वासराच्या पोटावरचे केस काढायचे, कातडीवर बारीक ओरखडे काढून त्यात लशीचा विषाणू सोडायचा, काही दिवसांनी फोड आले की ते खरवडायचे, निघालेला ऐवज ग्लिसरीनमध्ये घोटायचा आणि गावोगावच्या देवी डॉक्टरांकडे पाठवायचा. ‘बायोटेक्नॉलॉजी’ हा शब्द कुणाच्या कानावर पडायच्या आधीच बेळगावात असा कारखाना होता.

जिवंत प्राण्याकडून औषध बनवून घेण्यात एक अडचण कायमची असते. दरवेळी माल तंतोतंत सारखा निघेल याची हमी नाही, आणि त्यात नको ते शिरलं तर डोळ्याला दिसत नाही. १९०१मध्ये अमेरिकेत सेंट लुई शहरात जिम नावाच्या घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं घटसर्पाचं औषध दिल्यावर १३ मुलं दगावली. घोड्याला धनुर्वात झालेला होता. पुढच्याच वर्षी तिथं जैविक औषधांसाठी वेगळा कायदा आला. आणि त्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९०२ला, पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वातानं गेले. लस शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांची, मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत बनलेली.

चौकशीत एक गोष्ट पहिल्याच झटक्यात उघड झाली. गेलेले सगळे १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते, आणि बाटलीवर नंबर होता ५३-एन. दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेले ८८ जण ठणठणीत होते. सुरुवातीला दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना काम सोडावं लागलं. १९०७मध्ये ते निर्दोष ठरले: गावात बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुढे आलं. बाटल्यांना नंबर नसते तर सगळी लसच विषारी ठरली असती, आणि ऐन प्लेगच्या साथीत तिच्याकडे कुणी फिरकलं नसतं. हुबळी-धारवाडकडे हजारो लोकांनी हीच लस घेतली होती.

आज बेळगावच्या मेडिकलमधून आणलेल्या इन्सुलिनच्या खोक्यावर बॅच नंबर असतो तो या परंपरेतला. त्याच खोक्यावर बारीक अक्षरात ‘आर-डीएनए ओरिजिन’ असंही छापलेलं असतं. (आतलं घडीचं माहितीपत्रक बहुतेक वेळा फक्त इंग्रजीत. कन्नडही नाही, मराठीही नाही. या एका बाबतीत तरी दोन्ही भाषांना समान न्याय मिळाला आहे.) या ‘आर-डीएनए’चा अर्थ कळायला उसाच्या पट्ट्यात जावं लागतं.

चिकोडी, रायबाग, गोकाक, अथणी भागात साखर कारखान्याला जोडून डिस्टिलरी असली की मोठमोठ्या टाक्यांत मळी आंबवली जाते. आंबवणारं यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल टाकतं. याच जातीच्या यीस्टमध्ये माणसाच्या इन्सुलिनचं जनुक बसवलं, तर ते आपल्या कामासोबत इन्सुलिनची साखळीही विणून देतं. एका जिवाचं जनुक दुसऱ्याच्या जनुकांत असं जोडणं म्हणजेच ‘आर-डीएनए’ (रीकॉम्बिनंट डीएनए). डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढायचे दिवस असेच संपले. माणसाचं इन्सुलिन पहिल्यांदा प्रयोगशाळेत १९७८मध्ये बनलं ते ई. कोलाय या जिवाणूकडून, आणि १९८२मध्ये बाजारात आलं. यीस्टची वाट डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कनं धरली. बेंगळुरूच्या बायोकॉननं पिकिया नावाचं दुसरं यीस्ट निवडलं आणि २००४मध्ये आपलं इन्सुलिन आणलं. टाकी, हवा, साखर, तापमान, ढवळणं ही सगळी मळीच्या टाकीवर काम करणाऱ्याला ओळखीची वाटेल अशीच मांडणी असते. फरक पुढे पडतो. मद्यार्क उकळून वेगळा करता येतो; इन्सुलिन उकळलं तर संपलं. ते टप्प्याटप्प्यानं गाळून, निवडून, यीस्टचा मागमूस राहणार नाही इतकं साफ करावं लागतं. खर्चाचा मोठा वाटा या साफसफाईत जातो.

मेडिकलच्या काउंटरवर नेहमी होणारा एक संवाद आहे. नेहमीचा ब्रँड संपलेला असतो, दुकानदार दुसऱ्या कंपनीचं पुढे करतो.

“गोळी बदलली तर चालतंय की ओ अण्णा, मग हे का चालंना?”

“आक्का, डॉक्टरास्नी फोन लावून विचारा आधी. मी आपल्या मनानं देत न्हाई.”

दुकानदाराचं बरोबर आहे, आणि आक्काचा प्रश्नही रास्त आहे. ॲस्पिरिनच्या एका रेणूत २१ अणू असतात. कुठल्याही कारखान्यात बनवा, २१ अणू त्याच जागी बसले की ॲस्पिरिन तयार. म्हणून जेनेरिक गोळीला ‘तेच औषध’ म्हणता येतं. इन्सुलिनमध्ये जवळपास आठशे अणू. कॅन्सरवर दिलं जाणारं ट्रॅस्टुझुमॅब तर हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींकडून बनवून घेतात, त्यात वीस हजारांहून जास्त अणू, वर पेशीनं आपल्या मर्जीनं चिकटवलेल्या साखरेच्या लहान साखळ्या. पेशी बदलली, टाकीतलं खाद्य बदललं, की या साखळ्या थोड्या बदलतात. बेळगावात दोन दुकानांचा कुंदा एकाच दुधासाखरेचा असून चवीला वेगळा लागतो तसंच हे. म्हणून अशा औषधांच्या नकलेला जेनेरिक म्हणत नाहीत, बायोसिमिलर म्हणतात. मूळ औषधाशी इतकं जुळणारं, की रोग्याला फरक पडू नये.

बनवण्याची रीत किती नाजूक असते याचा सर्वांत बोलका दाखला नकलेचा नाहीच, मूळ औषधाचा आहे. मूत्रपिंडाच्या रोग्यांना रक्त वाढवण्यासाठी एरिथ्रोपोएटिन देतात. १९९८मध्ये युरोपात त्याच्या एका ब्रँडमधलं मानवी अल्ब्युमिन काढून त्याजागी पॉलिसॉर्बेट हे कृत्रिम द्रव्य घालण्यात आलं. हेतू चांगला होता, माणसाच्या रक्तातून येणारा घटक नको. औषधाचा रेणू होता तसाच राहिला. पण नंतरच्या काही वर्षांत काही रोग्यांच्या शरीरानं या औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार केली, ती त्यांच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनवरही उलटली आणि हाडांतल्या मगजानं तांबड्या पेशी बनवणंच थांबवलं. कारणांवर वाद झाले: कुणी सिरिंजच्या रबरी बुचातून झिरपलेल्या द्रव्याकडे बोट दाखवलं, कुणी औषधाच्या रेणूंच्या गुठळ्यांकडे. औषधाच्या रेणूला हातही न लावता एवढा अनर्थ झाला होता.

साध्या गोळ्यांचा कारखाना काढायला राज्याच्या औषध नियंत्रकाचा परवाना पुरतो. आर-डीएनए औषधं, लशी, सीरम यांना मात्र केंद्राचीही मंजुरी लागते, आणि लशीची बॅच बाजारात येण्याआधी हिमाचलातल्या कसौलीच्या केंद्रीय प्रयोगशाळेतून पास व्हावी लागते. इथं सीमेचं एक गंमतशीर रूप दिसतं. बेळगावच्या मेडिकलवर कर्नाटकच्या औषध खात्याची देखरेख, शिनोळी ओलांडून चंदगड तालुक्यात गेलं की महाराष्ट्राच्या एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची), चोर्ला घाट उतरला की गोव्याची. कायदा तिन्हीकडे १९४०चाच. निरीक्षक मात्र आपापल्या हद्दीपुरते.

बायोसिमिलरसाठी भारतानं २०१२मध्ये वेगळी नियमावली काढली आणि २०१६मध्ये ती सुधारली. त्याआधीच, २००७मध्ये, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं रिटुक्सिमॅब या कॅन्सरवरच्या औषधाचं आपलं रूप बाजारात आणलेलं होतं. नियम मागून आले. आतापर्यंतची रीत अशी होती की प्रयोगशाळेत जुळणी दाखवा, प्राण्यांवर दाखवा, मग शेकडो रोग्यांवर मूळ औषधाशी तुलना करा. यातला शेवटचा टप्पा सर्वांत महाग आणि वेळखाऊ. तोच आता जगभर गळत चालला आहे. ब्रिटननं २०२१मध्येच सांगितलं की बहुतेक बायोसिमिलरना अशी तुलनात्मक चाचणी लागू नये. अमेरिकेच्या एफडीएनं ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच दिशेचा मसुदा काढला. भारतानंही २०२५मध्ये सुधारित नियमावलीचा मसुदा पुढे ठेवला, त्यात प्राण्यांवरच्या चाचण्या कमी करण्यावर आणि प्रयोगशाळेतल्या तुलनेवर भर आहे.

हे ऐकून ‘म्हणजे आता न तपासताच औषधं येणार’ असं वाटणं साहजिक आहे. पण आजचं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वजन तोलणारं यंत्र, साखळीतल्या एका अमिनो आम्लाचा (प्रथिनाच्या एका मण्याचा) किंवा एका साखरेचा फरक पकडतं. तो फरक पाचशे रोग्यांच्या चाचणीत बहुधा दिसणारच नाही, कारण माणसामाणसांतला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. म्हणजे आपण जास्त खर्च करून कमी अचूक यंत्र वापरत होतो. मला हा बदल पटतो, एका अटीवर: चाचणीतून वाचलेली कडकाई कारखान्याच्या तपासणीत दिसली पाहिजे. बायोकॉनच्या इन्सुलिन अस्पार्ट या झटपट काम करणाऱ्या इन्सुलिनला अमेरिकेत जुलै २०२५मध्ये मंजुरी मिळाली, त्याआधी ते काही वर्षं अडकलं होतं आणि त्यात कारखान्याच्या तपासणीचा भाग मोठा होता. आपल्याकडे निरीक्षक पुरेसे नाहीत ही तक्रार जुनी आहे. नियम सैल होताना ती जास्त टोचते.

मोठ्या चाचण्या खरोखर कशासाठी राखून ठेवाव्यात, याचं उत्तर बेळगाव जिल्ह्यातल्याच खेड्यांनी दिलेलं आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. ते थंड ठेवावं लागतं आणि टोचणारा माणूस लागतो. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईला नर्सनं मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या नुसत्या गिळायला दिल्या तर चालेल का, हे कुणालाच माहीत नव्हतं. इथल्या १,६२० बायकांवर झालेल्या चाचणीत रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. निकाल २००६मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी मिसोप्रोस्टॉल आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. पुढे याच कामाच्या, पण उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन इंजेक्शनची दहा देशांत २९ हजारांवर बायकांवर चाचणी झाली, त्यातही बेळगाव होतं. गावोगावच्या नर्सबाई, नोंदवह्या, बाळंतिणींची संमती हे सगळं उभं करायला वर्षं जातात. ज्या प्रश्नाचं उत्तर यंत्र देऊ शकतं त्यासाठी ते खर्ची घालू नये.

बाजारात सध्या सर्वांत जास्त धूळ उडते आहे ती वजन आणि साखर दोन्ही उतरवणाऱ्या इंजेक्शनांची. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं, ते इन्सुलिन वाढवतं आणि पोट भरल्याची जाणीव देतं. पण दोन-तीन मिनिटांत त्याचा फडशा पडतो. अमेरिकेच्या वाळवंटातल्या हिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्यासारखाच, पण टिकाऊ पदार्थ सापडला आणि २००५मध्ये त्यावरून पहिलं औषध आलं. सेमाग्लुटाइड हे पुढचं पाऊल: ३१ अमिनो आम्लांची साखळी आणि तिला चिकटवलेली चरबीची शेपटी, त्यामुळे आठवड्याला एकच इंजेक्शन. भारतातलं त्याचं पेटंट मार्च २०२६मध्ये संपलं, आणि देशी कंपन्यांनी तयारी कितीतरी आधीपासून करून ठेवली होती. मूळ कंपनी ही साखळी यीस्टकडून बनवून घेते. आकार लहान असल्यानं ती रसायनशाळेतही जोडता येते. मग हे जेनेरिक म्हणायचं की बायोसिमिलर? दोन्हींच्या कुंपणावर बसलेलं औषध आहे, आणि दोन्ही वाटांनी येणारा भेसळीचा कचरा वेगवेगळा असतो. किंमत उतरली ही आनंदाची गोष्ट. लग्नाआधी महिन्याभरात बारीक व्हायला चिठ्ठीशिवाय ते मागणारे वाढतील, ही मात्र डोकेदुखी.

दुसऱ्या टोकाला एक उपचार असा आहे की त्याची बॅच एका रोग्यापुरतीच असते. कार-टी या कॅन्सरवरच्या उपचारात रोग्याच्याच टी-पेशी (रक्तातल्या संरक्षक पेशी) काढून त्यांत नवं जनुक घालतात, वाढवतात आणि परत त्यालाच देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून निघालेल्या नेक्सकार-१९ला भारतात ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली. परदेशात काही कोटींना पडणारा उपचार इथं काही दशलाखांत आला.

घरातल्या इन्सुलिनपुरतं बोलायचं तर कारखान्यात जपलेली सगळी नजाकत शेवटच्या प्रवासात वाया जाऊ शकते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. खानापूरपलीकडच्या गावात एसटीनं न्यायची असेल तर दुकानदाराकडून बर्फाची पिशवी मागून घ्यावी, पण बाटली थेट बर्फाला टेकू देऊ नये. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला कधीकधी तसंच दिसतं, काम मात्र नीट करत नाही. उघडलेली बाटली सावलीत, तापमान तिशीच्या आत असेल तर साधारण चार आठवडे बाहेर चालते. फ्रिज नसेल तर पाण्यानं ओलं ठेवलेलं मडकं उपयोगी पडतं. काही विपरीत घडलं तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा सरकारी टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे, त्यावर ब्रँड आणि बॅच दोन्ही सांगावेत.

आणि सिरिंजकडे लक्ष असू द्यावं. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्या, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिनच्या पेनात बसणारी कार्ट्रिज (छोटी नळी) मात्र १०० युनिटची. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजनं इन्सुलिन ओढणारे लोक आहेत. खुणेवर १० दिसतात, अंगात २५ जातात, आणि साखर झपाट्यानं खाली येते.